गोव्यातील घरावर सौर पॅनेल बसवताना

सौर पॅनेलची चौकशी करणारे बहुतेक जण पहिला प्रश्न कंपनीचा विचारतात आणि दुसरा अनुदानाचा. गोव्यात मात्र त्याआधी वीजबिल, छप्पर आणि सावली या तीन गोष्टी तपासाव्यात, कारण पैसे वसूल होणार की अडकून पडणार हे त्यांच्यावरच ठरते. नामांकित कंपन्यांच्या पॅनेलमध्ये आज फार मोठा फरक राहिलेला नाही. पण डिचोलीतील कौलारू घर, मडगावातील पत्रे घातलेली गच्ची आणि काणकोणच्या किनाऱ्यालगतचा बंगला यांत फरक आहे, आणि तो लक्षात न घेता दिलेले दरपत्रक कितीही आकर्षक असले तरी उपयोगाचे नसते.

आधी बिले

मागील बारा महिन्यांची वीजबिले एकत्र करून दर महिन्याचा युनिटांचा आकडा एका कागदावर लिहावा. एक किलोवॉट क्षमतेची यंत्रणा आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे 4 युनिट वीज देते, म्हणजे 3 किलोवॉटची यंत्रणा महिन्याला साधारण 350 युनिट. ही सरासरी आहे, हे विसरू नये; फेब्रुवारी ते मे या काळात उत्पादन त्याहून बरेच वर जाते आणि जून-जुलैच्या झडीत ते निम्म्यावर येऊ शकते. नेट मीटरमुळे, म्हणजे घरात आलेली आणि घरातून बाहेर गेलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमुळे, हा चढउतार अंगावर येत नाही, कारण उन्हाळ्यात वीज खात्याच्या जाळ्यात गेलेली जादा युनिटे पुढच्या बिलांत वळती होतात. हा हिशेब आर्थिक वर्षापुरता चालतो आणि वर्षाअखेरीस उरलेल्या युनिटांना कोणता दर मिळेल हे वीज खात्याशी होणाऱ्या करारात पाहून घ्यावे.

क्षमता ठरवताना एक बाब विक्रेते सहसा सांगत नाहीत. गोव्यातील घरगुती दर शंभर-शंभर युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात, आणि सौर वीज बिलातून वजा होते तेव्हा ती सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातील युनिटे आधी खाते. महिन्याला 450 युनिट वापरणाऱ्या घराने 3 किलोवॉटची यंत्रणा बसवली तर वरचे सगळे महाग टप्पे निघून जातात आणि तळाची शंभरेक स्वस्त युनिटे तेवढी उरतात; त्या उरलेल्या युनिटांसाठी चौथा किलोवॉट घेणे परवडत नाही, शिवाय अनुदानही तिसऱ्या किलोवॉटलाच थांबते. याउलट ज्यांचे बिल महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटांच्या पुढे जात नाही, त्यांनी घाई करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आपल्याकडील पहिल्या टप्प्याची वीज इतकी स्वस्त आहे की गुंतवणूक वसूल होण्यास फार वर्षे लागतात. अर्थात घरात लवकरच वातानुकूलन यंत्र, इंडक्शन शेगडी किंवा विजेवर चालणारी स्कूटर येणार असेल तर तो वापर आधीच हिशेबात धरावा. स्थिर आकार सौर यंत्रणा बसवल्यावरही भरावाच लागतो, त्यामुळे ‘शून्य बिल’ हे जाहिरातीतले शब्द शब्दशः घेऊ नयेत.

छप्पर

एका किलोवॉटला सावलीविरहित सुमारे 10 चौरस मीटर जागा धरण्याची पद्धत आहे. आज घरांसाठी सर्रास वापरले जाणारे 540 वॉटच्या आसपासचे पॅनेल सव्वादोन मीटरहून थोडे लांब, एक मीटरहून थोडे रुंद आणि जवळपास 28 किलो वजनाचे असते. अशी सहा पॅनेल म्हणजे 3 किलोवॉटची यंत्रणा. वजन एकाच जागी पडत नसल्याने सुस्थितीतील कोणतेही छप्पर ते सहज पेलते. प्रश्न ‘सुस्थितीतील’ या अटीचा आहे.

मंगळुरी कौलांच्या छपरावर पॅनेल बसवता येतात, परंतु हे काम येणारे कारागीर थोडे आहेत. प्रथम दहा-बारा कौले काढून खालचे वासे पाहावेत. वाळवी लागलेला किंवा भिंतीवर टेकतो तिथे कुजलेला वासा बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. पॅनेलचा भार कौलांवर किंवा रिपांवर कधीच येता कामा नये. स्टेनलेस स्टीलचा वाकवलेला हूक थेट वाशावर दोन स्क्रूंनी घट्ट बसतो, वरच्या व खालच्या कौलांच्या सांध्यातून बाहेर येतो आणि त्यावर अॅल्युमिनियमची पट्टी चढते. हूक जिथून बाहेर येतो तिथे वरच्या कौलाची खालची कड ग्राइंडरने थोडी खरवडून खाच करावी लागते. ती न केल्यास कौल हुकावर तरंगत राहते, त्याच्याखाली बोटभर फट पडते आणि जुलैच्या वाऱ्यात पाऊस उलटा आत शिरतो. कौलाला भोक पाडून सिलिकॉन भरणारा कारागीर दिसला तर काम तिथेच थांबवावे. दुसरी गोष्ट शाकारणीची. कौलारू घराला अधूनमधून कौले चाळावी लागतात, म्हणून संपूर्ण उतार पॅनेलांनी झाकून न टाकता मधे माणसाला जाता येईल एवढी पट्टी मोकळी सोडावी आणि फुटलेल्या कौलांच्या जागी घालायला त्याच साच्याची पंचवीस-तीस कौले घरात ठेवावीत.

गोव्यातील बहुतेक गच्च्यांवर पावसासाठी पत्रे घातलेले असतात आणि पॅनेलही प्रत्यक्षात तिथेच बसतात. येथे पहिला प्रश्न पत्र्याच्या वयाचा आहे. खाऱ्या हवेत पत्रा पॅनेलएवढा टिकत नाही. पाच वर्षांनी पत्रे बदलताना सगळी पॅनेल उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च येतो, म्हणून गंजू लागलेले पत्रे आधीच बदलून घेणे स्वस्त पडते. स्क्रू पत्र्याच्या पन्हळीत न मारता उंचवट्यावर मारावा, तो खालच्या पर्लिनमध्ये (पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या पट्टीत) उतरला पाहिजे आणि त्याखाली रबरी वॉशर असला पाहिजे. वॉशर दाबून बाहेर फुगेपर्यंत स्क्रू आवळला तर रबर दोन उन्हाळ्यांत फाटते. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर पॅनेल बसवू नयेत आणि त्यांच्यावर माणूसही चढवू नये.

उघड्या स्लॅबवर काम सर्वांत सोपे असते, तरीही जलरोधक थर फोडून बोल्ट मारण्याऐवजी काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करावा आणि ठोकळे पाण्याच्या वाटेत येणार नाहीत असे मांडावेत. सांगाडा उंच करून खाली बसायला जागा करण्याची कल्पना अनेकांना मोहवते, पण उंची वाढली की वाऱ्याचा उचलून धरणारा जोर वाढतो. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा झाडे आणि विजेचे खांब कसे आडवे झाले होते हे आपण पाहिले आहे. उंच सांगाडा हवाच असेल तर भारतीय मानक 875 भाग 3 नुसार वाऱ्याचा हिशेब केलेला आराखडा अभियंत्याच्या सहीनिशी मागावा.

दिशा आणि सावली

गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड आणि 10 ते 15 अंशांचा कल ही येथील योग्य मांडणी होय. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे उतरणारे छप्पर असले तरी नुकसान थोडेच होते. उत्तरेचा तीव्र उतार मात्र टाळावा. कल दहा अंशांपेक्षा कमी ठेवू नये, कारण मग पावसाचे पाणी पॅनेलच्या खालच्या कडेला साचते आणि तिथे शेवाळाची रेघ धरते.

सावलीची पाहणी डिसेंबरमध्ये करणे उत्तम. त्या महिन्यात दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे 51 अंशांवरच असतो, म्हणजे पॅनेलपेक्षा 10 मीटर उंच असलेल्या दक्षिणेकडील झाडाची सावली भर दुपारी 8 मीटर आत येते, आणि सकाळी नऊच्या किंवा दुपारी तीनच्या सुमारास ती त्याहून कितीतरी लांब असते. एप्रिल-मेमध्ये सूर्य डोक्यावर असताना येऊन ‘सावली अजिबात नाही’ असे सांगून गेलेल्या सर्वेक्षकावर विसंबू नये. पॅनेलमधील घट (सेल) एकामागे एक जोडलेले असतात. ठराविक घटांच्या गटाला एक असे साधारण तीन बायपास डायोड (सावलीतल्या गटाला वगळून वीज पुढे नेणारे भाग) त्यात असतात आणि एखाद्या कोपऱ्यावर पडलेली गडद सावलीसुद्धा एक संपूर्ण गट बंद पाडू शकते. पाण्याची टाकी, डिशचा अँटेना, शेजारच्या इमारतीचा जिना या सगळ्यांची नोंद घ्यावी. थोडी सावली टाळताच येत नसेल तर पॅनेलगणिक ऑप्टिमायझर किंवा मायक्रो-इन्व्हर्टर (प्रत्येक पॅनेल स्वतंत्रपणे चालवणारी छोटी उपकरणे) घेण्याचा जादा खर्च योग्य ठरतो. दिवसाचा बराच वेळ सावली असेल तर तो खर्चही वाया जातो.

माडांविषयी वेगळे सांगायला हवे. माडाची सावली हलती असते म्हणून लोक ती मोजत नाहीत, पण खरा धोका सावलीचा नसून नारळाचा आणि चुडताचा आहे. पक्व नारळ सात-आठ मीटरांवरून पडला तर काच टिकण्याची आशा करू नये. छपरावर झुकलेला माड असेल तर तिथे पॅनेल न मांडणे हाच शहाणपणाचा मार्ग. ते शक्य नसल्यास पाडेलीला नेहमीपेक्षा लवकर बोलावून नारळ आणि सुकी चुडते वेळेवर उतरवून घ्यावी लागतील. झाड तोडण्याचा विचार असल्यास 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वन खात्याची परवानगी लागते, आणि शेजाऱ्याचा आंबा-फणस आपल्याला तोडता येत नाही. तो फणस दहा वर्षांनी किती वाढेल हेही आजच पाहून ठेवावे.

नाव, हक्क आणि अर्ज

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटांना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000 रुपये केंद्रीय अनुदान मिळते. म्हणजे 3 किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला कमाल 78,000 रुपये. हे पैसे काम पूर्ण झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतात, त्यामुळे सुरुवातीची पूर्ण रक्कम किंवा कर्ज आपल्यालाच उभे करावे लागते. 3 किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेसाठी राष्ट्रीयीकृत बँका तारण न घेता, रेपो दराशी जोडलेल्या व्याजाने कर्ज देतात. 22 सप्टेंबर 2025 पासून सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. दरपत्रकात जुना दर लावलेला नाही ना, हे पाहावे. राज्याकडून काही जादा सवलत त्या वेळी चालू आहे का, याची विचारणा गोवा ऊर्जा विकास संस्थेकडे करावी.

गोव्यातील अर्जांची खरी अडचण पैशांपेक्षा नावाची असते. अनेक वडिलोपार्जित घरांची वीजजोडणी आजही आजोबांच्या नावावर चालू आहे, घर भावंडांत वाटलेले नाही आणि त्यांपैकी एक-दोघे परदेशात आहेत. अनुदान वीजग्राहकाच्या नावावर मिळते, म्हणून जोडणी हयात व्यक्तीच्या नावावर करून घेणे हे पहिले काम. त्यासाठी घरपट्टीची पावती, वारसाहक्काची कागदपत्रे आणि सहहिस्सेदारांचे ना हरकत पत्र वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात द्यावे लागते. येथील नागरी कायद्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक असते आणि अविभाजित घराच्या छपरावर सर्व हिस्सेदारांचा हक्क असतो. आज कोणी बोलले नाही म्हणून लेखी संमतीशिवाय 25 वर्षांची वस्तू छपरावर बसवू नये. फ्लॅटधारकांना गच्ची सामाईक असल्याने सोसायटीचा ठराव लागतो. सोसायटीच्या दिवे, पंप, लिफ्ट अशा सामाईक वापरासाठी याच योजनेत किलोवॉटमागे 18,000 रुपयांची स्वतंत्र तरतूद आहे.

नाव ठीक झाले की पुढचा मार्ग सरळ आहे. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक आणि मोबाइल क्रमांक देऊन नोंदणी करावी, अर्ज भरावा आणि नोंदणीकृत विक्रेत्यांपैकी एकाची निवड करावी. केंद्राच्या 2024 च्या सुधारित नियमांनुसार 10 किलोवॉटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मान्य झाल्याचे धरले जाते आणि त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागला तर ते काम वितरण कंपनीचे, म्हणजे आपल्याकडे वीज खात्याचे असते. यंत्रणा उभी राहिल्यावर तिचा तपशील आणि छायाचित्रे पोर्टलवर चढवायची, वीज खाते तपासणी करून दुहेरी नोंद घेणारे मीटर बसवते, कार्यान्वयनाचा अहवाल निघतो आणि मग बँक खात्याचा तपशील भरून अनुदानाची मागणी करता येते.

विक्रेत्याशी होणारा करार मात्र सवडीने वाचावा. अनुदानासाठी भारतीय बनावटीच्या घटांची पॅनेल बंधनकारक असल्याने पॅनेलचे नाव, मॉडेल आणि बसवल्यानंतरचे अनुक्रमांक लेखी घ्यावेत. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडेच असते; त्यात छप्पर गळले तर दुरुस्ती कोणाची, हे वाक्य स्वतः आग्रहाने घालून घ्यावे. पैशांचा शेवटचा हप्ता नेट मीटर चालू झाल्याशिवाय देऊ नये.

बसवणी

किनाऱ्यापासून काही किलोमीटरांच्या आत आणि मांडवी-जुवारीच्या खाड्यांलगत लोखंडाचा शत्रू पाऊस नव्हे, तर मीठ आहे. सांगाडा गरम जस्तात बुडवून लेपलेला असावा आणि लेप किमान 80 मायक्रॉनचा असावा. रंग मारलेला साधा अँगल स्वीकारू नये. जागेवर कापलेल्या किंवा वेल्डिंग केलेल्या प्रत्येक ठिकाणी जस्त उडालेले असते, तिथे झिंकयुक्त रंग लगेच लावून घ्यावा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच तांबूस ओघळ दिसू लागतात. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच हवेत. समुद्र दिसेल इतक्या जवळ असलेल्या घराने 304 ऐवजी 316 दर्जाचे मागावेत, कारण एका घराच्या नट-बोल्टांच्या दरात त्याने फारसा फरक पडत नाही. पॅनेलला मिठाच्या फवाऱ्याची आयईसी 61701 चाचणी झाल्याचे प्रमाणपत्र असावे.

गोव्यात मे महिन्यातील वळिवात आणि परतीच्या पावसात विजा फार पडतात, म्हणून अर्थिंगला पॅनेलइतकेच महत्त्व द्यावे. वीजरोधकासाठी, पॅनेल व सांगाड्यासाठी आणि एसी बाजूसाठी (इन्व्हर्टरपासून घराकडे जाणाऱ्या वायरिंगसाठी) असे तीन स्वतंत्र खड्डे घ्यावेत आणि डीसी व एसी या दोन्ही बाजूंच्या वितरण पेट्यांत लाट-संरक्षक (विजेचा अचानक आलेला लोट जमिनीत वळवणारे उपकरण) असावेत. जांभ्या खडकात खोल खणणे कष्टाचे असल्याने कंत्राटदार अर्ध्यावर थांबण्याचा संभव असतो. खड्डा उघडा असतानाच खोली पाहावी आणि मीटरने रोध मोजून घ्यावा. तो 5 ओहमच्या आत असावा. जांभा उन्हाळ्यात कोरडा पडतो तेव्हा रोध वाढतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये घेतलेल्या समाधानकारक आकड्यावर न थांबता एप्रिलमध्ये पुन्हा मोजणी मागावी.

इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारे यंत्र) भिंतीवर, सावलीत आणि पावसाच्या झोताबाहेर असावा. गावाच्या टोकाच्या लाइनवर दुपारी व्होल्टेज चढते आणि ठराविक मर्यादेपुढे इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. म्हणून खरेदीपूर्वी दोन-तीन दुपारी घरातील व्होल्टेज मोजावे आणि ते सतत 250 च्या आसपास असेल तर वीज खात्याकडे आधी तक्रार नोंदवावी. साधी ग्रिडजोड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीज खात्याच्या जाळ्याला जोडलेली, यंत्रणा वीज गेली की भर उन्हातही थांबते, कारण तिची वीज लाइनमध्ये शिरून खांबावरील लाइनमनच्या जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात तासन् तास वीज जाणाऱ्या भागात हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी घेता येते, पण त्याने खर्च बराच वाढतो. माझ्या मते पंखे, दिवे आणि फ्रिज एवढ्यापुरती छोटी बॅटरी पुरे. संपूर्ण घर बॅटरीवर चालवण्याचा हट्ट परवडत नाही.

वेळ आणि देखभाल

चतुर्थीची धामधूम संपल्यावर अर्ज करून नोव्हेंबर ते मार्च या काळात काम उरकणे सोयीचे असते. उन्हाळ्याचे उत्पादन त्यामुळे पदरात पडते आणि कोरड्या हवेत छपराचे काम नीट होते. मेअखेरीस काम सुरू करणाऱ्याला पावसाआधी ते पुरे होण्याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

जून ते सप्टेंबर पाऊस स्वतः पॅनेल धुतो. कोरड्या महिन्यांत पंधरवड्यातून एकदा, खनिजाच्या ट्रकांच्या वाटेवरील डिचोली-सांग्याच्या घरांनी आठवड्यातून एकदा, सकाळी सूर्य चढण्यापूर्वी साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसावे. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये आणि विहिरीचे पाणी खारट असेल तर ते वापरू नये. माकडांचा त्रास असलेल्या भागात केबल मोकळ्या लोंबू न देता नळीत बंद कराव्यात. पावसाळा सरला की एकदा सगळे बोल्ट हलवून पाहावेत. इन्व्हर्टरच्या अॅपवरील महिन्याचा आकडा वहीत लिहावा आणि मागील वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावा; स्वच्छ उन्हाच्या महिन्यातही तो दहा-पंधरा टक्क्यांनी खाली आला असेल तर आधी नव्याने वाढलेली फांदी, मग सैल जोड आणि शेवटी बिघडलेले पॅनेल या क्रमाने शोध घ्यावा, आणि पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वीच विक्रेत्याकडे लेखी तक्रार करून तिची पोच ठेवावी.